कोणती युद्धकला शिकावी?

मुलीला कराटेच्या वर्गाला घालावे की ज्यूदोच्या, चाळिशीनंतर किकबॉक्सिंग सुरू करता येते का, गावातल्या तालमीत आता काही अर्थ उरला आहे का, असे प्रश्न पालक आणि प्रौढ वाचक वारंवार विचारतात, आणि त्यांना बहुधा उत्तरादाखल एखाद्या कलेचे नाव हवे असते. या प्रकरणात तसे एकच नाव सुचवलेले नाही, कारण शिकणाऱ्याच्या हाती प्रत्यक्षात काय लागते हे दारावरच्या पाटीपेक्षा आतल्या सरावाच्या पद्धतीवर अधिक अवलंबून असते. ही पद्धत ओळखता आली की निवड बरीच सोपी होते. परंतु तत्पूर्वी स्वसंरक्षण या शब्दात नेमके काय काय येते ते पाहणे आवश्यक आहे.

१. स्वसंरक्षणात मारामारीचा वाटा किती?

स्वसंरक्षण म्हटले की अंधारी गल्ली आणि अनोळखी हल्लेखोर असे चित्र मनात येते, पण प्रत्यक्षातील धोक्याचे स्वरूप बरेच निराळे असते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांपैकी नऊ दशांशांहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असल्याचे वर्षानुवर्षे दिसून येते. तो नातेवाईक असतो, शेजारी असतो, मित्र असतो किंवा कामाच्या ठिकाणचा सहकारी असतो. अशा माणसापुढे पहिली अडचण लाथ कशी मारावी ही नसतेच. काहीतरी चुकीचे घडते आहे हे स्वतःशी मान्य करणे, भीड बाजूला सारून मोठ्या आवाजात नकार देणे आणि ‘लोक काय म्हणतील’ याचा विचार न करता तिथून निघून जाणे, या गोष्टी अनेकींना ठोसा मारण्याहून कठीण जातात, कारण लहानपणापासून त्यांना नेमके याच्या उलट वळण लावलेले असते.

या संदर्भात कॅनडातील एक प्रयोग फार बोलका आहे. तीन विद्यापीठांतील पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनींचे दोन गट करून एका गटाला बारा तासांचे प्रशिक्षण देण्यात आले आणि दुसऱ्या गटाला केवळ माहितीपत्रके देण्यात आली. पुढील वर्षभरात बलात्काराला बळी पडलेल्यांचे प्रमाण माहितीपत्रके मिळालेल्या गटात ९.८ टक्के, तर प्रशिक्षण मिळालेल्या गटात ५.२ टक्के आढळले. हे निष्कर्ष २०१५ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्या बारा तासांत शारीरिक प्रतिकाराचे शिक्षण होते, पण तो एक भाग होता. उरलेला वेळ धोक्याची चिन्हे लवकर ओळखण्यासाठी आणि ओळखीच्या माणसाला ठामपणे अडवताना मनात येणारा संकोच मोडण्यासाठी दिलेला होता. गुन्ह्याचा दोष गुन्हेगाराचाच असतो आणि या आकड्यांनी तो बळी पडलेल्या स्त्रीकडे यत्किंचितही सरकत नाही. मात्र थोड्या पण नेमक्या शिक्षणाने किती फरक पडू शकतो हे त्यांतून कळते.

म्हणून ज्या वर्गात ओरडायला, अंतर राखायला, सुटका होताच पळायला आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकावर मदत मागायला शिकवले जात नाही, तो वर्ग एखादी उत्तम कला शिकवत असेल, परंतु स्वसंरक्षण पूर्णपणे शिकवत नसतो. चाकूच्या बाबतीत तर स्पष्ट बोलणे हे लेखकाचे कर्तव्य ठरते. चाकू हातात असलेल्या माणसासमोर रिकाम्या हाताने खात्रीचा म्हणता येईल असा कोणताही डाव कोणत्याही कलेत नाही. त्याला पैसे किंवा मोबाइल हवा असेल तर तो देऊन टाकणे आणि वाट मिळताच पळणे हेच तिथे शहाणपणाचे असते, आणि चाकू हिसकावून घेण्याचे प्रयोग पहिल्याच महिन्यात शिकवणाऱ्या प्रशिक्षकाविषयी सावध राहिलेले बरे.

२. जोडीदार विरोध करतो का?

निवडीची खरी किल्ली या प्रश्नात आहे, आणि ती समजण्यासाठी जपानमधील एका शिक्षकाचे काम पाहावे लागते. जिगोरो कानो हे लहान चणीचे तरुण जुजुत्सु ही जुनी झोंबीची विद्या दोन वेगवेगळ्या परंपरांतील गुरूंकडे शिकले आणि १८८२ साली टोकियोतील एका बौद्ध मंदिराच्या आवारात त्यांनी स्वतःची शाळा काढली. कोदोकान हे तिचे नाव आणि ज्यूदो ही तिथे घडलेली कला. कानो यांनी जुन्या विद्येतील डोळ्यांवर, मर्मस्थानांवर आणि लहान सांध्यांवर आघात करणारे घातक डाव रोजच्या मोकळ्या झुंजीतून वगळले, आणि फेकणे, दाबून धरणे, गळा आवळणे व कोपर अडकवणे असे मोजके प्रकार ठेवले, ज्यांत हार मानणारा हाताने थाप देऊन वेळीच सुटू शकतो.

वरवर पाहता यामुळे कला सौम्य झाली असे वाटते. परिणाम मात्र उलटा झाला. जे डाव जोडीदाराला इजा केल्याशिवाय पूर्ण करताच येत नाहीत, त्यांचा सराव हवेत किंवा अर्धवटच करावा लागतो. आणि जे डाव सुरक्षित केलेले असतात, ते रोज, पूर्ण ताकदीने, जिंकू पाहणाऱ्या माणसावर वापरता येतात. या मोकळ्या झुंजीला ज्यूदोमध्ये रंदोरी म्हणतात. पुढच्या काही वर्षांत टोकियोच्या पोलिसांनी भरवलेल्या सामन्यांत कोदोकानच्या शिष्यांनी जुन्या शाळांच्या जाणत्या लढवय्यांना हरवले, त्याचे मोठे श्रेय या रंदोरीलाच दिले जाते.

याचे कारण समजायला अवघड नाही. भाकरी थापताना हात कसे फिरवायचे हे पिठाशिवाय कितीही वेळा करून पाहिले, तरी खऱ्या पिठाचा गोळा कडेने चिरू लागला की काय करायचे ते पीठच शिकवते. विरोध करणारा जोडीदार तेच काम करतो. योग्य क्षण आणि योग्य अंतर तो शिकवतो, आणि दम लागलेला असताना, भीती वाटत असताना, पहिला डाव फसल्यावर दुसरा कसा सुचतो तेही त्याच्याकडूनच कळते. भीतीच्या क्षणी हृदयाचे ठोके वाढतात, नजर एका जागी खिळते आणि बोटांची नाजूक कामे बिघडतात. अशा वेळी शरीराला सवयीने जे येते तेवढेच बाहेर पडते.

एक साधे उदाहरण घेता येईल. कोणी मनगट धरले, तर त्याचा अंगठा आणि बोटे यांच्यामध्ये जी फट असते तिच्या दिशेने हात पिळून झटक्याने ओढावा, हे जवळपास प्रत्येक वर्गात शिकवले जाते आणि ते तत्त्व बरोबर आहे. पण जोडीदार मनगट धरून स्तब्ध उभा राहिला, तर ही कृती दहा मिनिटांत जमते आणि एक खोटा विश्वास निर्माण होतो. चांगला प्रशिक्षक इथे न थांबता जोडीदाराला आधी घट्ट धरायला सांगतो, मग धरून ओढत न्यायला सांगतो, मग दुसऱ्या हाताने केस किंवा खांदा पकडायला सांगतो, आणि अखेर यांपैकी काय करायचे ते आधी न सांगता करायला लावतो. चौथ्या पायरीवर बहुतेकांचा हात सुटत नाही. तिथून पुढे जे होते ते खरे शिक्षण.

कराटेतील काता किंवा तायक्वांदोतील पूमसे, म्हणजे ठरलेल्या हालचालींचे एकट्याने करायचे क्रम, निरुपयोगी आहेत असा याचा अर्थ नाही. त्यांनी तोल, लवचीकपणा, स्मरण आणि एकाग्रता वाढते, आणि त्यांत स्वतःचे सौंदर्य आहे. मात्र एखाद्या वर्गात वर्षभर केवळ काता आणि रांगेत उभे राहून हवेत ठोसे असतील, तर तिथे उत्तम व्यायाम मिळतो आणि लढण्याची क्षमता फारशी येत नाही, हे शिकणाऱ्याला माहीत असले पाहिजे. त्याच कराटेची क्योकुशिन शाखा, जिथे अंगावर खरे प्रहार झेलून झुंजी होतात, वेगळेच काही देते. एकाच नावाखाली एवढे अंतर असू शकते.

३. मारण्याच्या कला आणि धरण्याच्या कला

निःशस्त्र युद्धकलांचे ढोबळ दोन वर्ग पडतात. बॉक्सिंग, कराटे, तायक्वांदो, किकबॉक्सिंग आणि थायलंडची मुआय थाई यांत प्रहार मुख्य असतो. कुस्ती, ज्यूदो आणि ब्राझिलियन जिउ-जित्सू यांत पकड मुख्य असते. पहिल्या वर्गात हातभर अंतर राखायला आणि ते संपू न द्यायला शिकवतात, दुसऱ्यात अंतर संपल्यावर काय करायचे ते शिकवतात.

ब्राझिलियन जिउ-जित्सूचा उगम ज्यूदोतच आहे. कोदोकानचे मित्सुयो माएदा १९१४ साली ब्राझीलला पोहोचले, त्यांच्याकडून ग्रेसी कुटुंबातील कार्लोस शिकले, आणि त्या कुटुंबाने जमिनीवरच्या झुंजीचा अंश वाढवत नेला. १२ नोव्हेंबर १९९३ रोजी अमेरिकेतील डेनव्हर शहरात निरनिराळ्या कलांचे लढवय्ये वजनगट न पाडता एकमेकांसमोर उभे करण्यात आले, तेव्हा त्याच कुटुंबातील सडपातळ अंगाच्या रॉयस ग्रेसी यांनी ओळीने तीन लढती जिंकल्या. पकडीची कला ज्याला मुळीच येत नाही, त्याचा प्रहार एकदा अंगाला अंग भिडले की निकामी होतो, हे त्या रात्री दिसले. तरीही तिथे एकच प्रतिस्पर्धी होता, शस्त्र नव्हते आणि थांबवायला पंच होता. रस्त्यावर जमिनीवर गुंतून राहणे धोक्याचे असते, कारण हल्लेखोराचा साथीदार उभा असू शकतो. म्हणून जमिनीवरून लवकर उठता येणे हे तिथे खरे कौशल्य ठरते.

महाराष्ट्रातील वाचकाच्या दृष्टीने या यादीत कुस्तीकडे होणारे दुर्लक्ष खेदाचे आहे. महानगरात एखादा परदेशी प्रकार शिकायला महिन्याला हजारो रुपये मोजणाऱ्या कुटुंबाच्या मूळ गावी बहुधा एक तालीम असते, जिथे ताक, तेल, हळद आणि लिंबू घालून मऊ केलेल्या लाल मातीच्या हौद्यात मुले पहाटे जोर-बैठका मारतात आणि वस्तादाच्या नजरेखाली रोज खऱ्या विरोधाशी लढतात. कानो यांनी जे नव्याने बांधले ते इथे परंपरेने होतेच: आघात नाही, पण पूर्ण ताकदीची झुंज रोज. ढाक, कलाजंग, धोबीपछाड यांसारखे डाव येणाऱ्या पैलवानाला कोणी सहज पाडू शकत नाही, आणि उभे राहता येणे हाच पळून जाण्याचा पहिला आधार असतो. मुलींना तालमीची दारे दीर्घकाळ बंद होती. ती आता उघडू लागली आहेत, आणि २०२३ साली सांगलीत महिलांची स्वतंत्र महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. कोल्हापूरच्या मर्दानी खेळांचे, म्हणजे लाठीकाठी आणि दांडपट्टा यांचे, स्थान मात्र निराळे आहे. त्यांतून खांदे, मनगट आणि पदन्यास घडतो, आणि एक वारसा जिवंत राहतो. पण दांडपट्टा घेऊन कोणी लोकलने प्रवास करत नाही.

प्रहार असो वा पकड, वजनाचा प्रश्न दोन्हीकडे उरतोच. ‘तंत्र आले की अंगबळ लागत नाही’ ही जाहिरात खरी नाही. तसे असते तर स्पर्धांत वजनगट पाडावेच लागले नसते. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीत स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवले तेही ५७ किलोच्या गटात. पंचेचाळीस किलोच्या मुलीने ऐंशी किलोच्या पुरुषाला हरवणे हे ध्येय ठेवण्याऐवजी पकड सुटेल आणि पळायला दोन क्षण मिळतील एवढे ध्येय ठेवले, तर ते साध्य होण्यासारखे आहे. धरण्याच्या कलांतील शिक्षण तिला इथे अधिक उपयोगी पडते, कारण आपल्याहून जड माणूस अंगावर रेलल्यावर घाबरून न जाता श्वास घेत राहण्याची सवय तिला आधीच झालेली असते.

४. व्यायाम म्हणून हिशेब

श्रम मोजण्यासाठी शास्त्रज्ञ ‘मेट’ नावाचे एकक वापरतात. स्वस्थ बसलेल्या माणसाची ऊर्जा जेवढी खर्च होते तेवढी म्हणजे एक मेट. झपझप चालणे सुमारे चार, ताई ची हा संथ चिनी सराव सुमारे तीन, आणि ज्यूदो किंवा कराटेचा जोरकस सराव सुमारे दहा मेट. मेटला वजनाच्या किलोंनी आणि वेळेच्या तासांनी गुणले की खर्च झालेल्या कॅलरींचा अंदाज येतो. साठ किलोच्या व्यक्तीसाठी तासभर ज्यूदो म्हणजे १० × ६० × १, अर्थात ६०० कॅलरी. हा आकडा अनेक वर्ग अभिमानाने सांगतात.

परंतु तासाचे तुकडे करून पाहिले पाहिजेत. समजा, पंधरा मिनिटे पाच मेटचा तयारीचा व्यायाम झाला, वीस मिनिटे प्रशिक्षकाचे ऐकण्यात आणि पाळीची वाट पाहण्यात दीड मेटने गेली, आणि पंचवीस मिनिटे खरी झुंज झाली. मग हिशेब ७५, ३० आणि २५० मिळून ३५५ कॅलरींचा होतो. तेवढाच वेळ झपझप चालल्यास २४० होतात. फरक आहे, पण जाहिरातीएवढा नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान दीडशे मिनिटे मध्यम किंवा पंचाहत्तर मिनिटे जोरकस व्यायाम सुचवते. म्हणजे वरच्यासारख्या वर्गाला आठवड्यातून तीनदा गेल्यास झुंजीच्या मिनिटांतूनच किमान मर्यादा गाठली जाते, एकदा गेल्यास गाठली जात नाही. म्हणूनच घराजवळचा साधा वर्ग तासभर प्रवास करून जावे लागणाऱ्या उत्तम वर्गाहून बहुतेकांना अधिक हितकर ठरतो.

एक लाभ कॅलरींत मोजता येत नाही. ज्यूदो आणि कुस्तीत सर्वांत आधी पडायला शिकवतात: हनुवटी छातीला लावून, डोके वाचवून, अंग गोल करून. आयुष्यात हल्ला होण्यापेक्षा न्हाणीघरात, पावसाळी पायरीवर किंवा दुचाकीवरून पडण्याची शक्यता कितीतरी जास्त असते, त्यामुळे ही विद्या जवळपास प्रत्येकाच्या उपयोगी पडते. साठी ओलांडलेल्यांनी तिची सुरुवात जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखालीच करावी. त्यांच्यासाठी ताई चीचा संथ सरावही पडण्याचे प्रमाण कमी करतो, असे अनेक चाचण्यांतून दिसले आहे.

५. दुखापती

प्रत्येक कलेची स्वतःची किंमत असते. कुस्तीत गुडघे, खांदे आणि कान जातात, आणि घाम-मातीमुळे त्वचेला नायटा होतो, ज्यूदोत खांदा आणि बोटे, तायक्वांदोत घोटा. यांतील बहुतेक दुखापती भरून येणाऱ्या असतात. डोक्यावर वारंवार बसणाऱ्या प्रहारांचे तसे नाही. मुष्टियोद्ध्यांत पुढे दिसणाऱ्या मेंदूच्या विकाराचे वर्णन अमेरिकी वैद्य हॅरिसन मार्टलंड यांनी १९२८ सालीच केले होते, आणि डोक्यावरील पॅडने कातडी वाचते, मेंदूचा हिसका पुरता टळत नाही. व्यायामासाठी बॉक्सिंग शिकणाऱ्याने बॅगेवर आणि प्रशिक्षकाच्या हातातील पॅडवर मनसोक्त ठोसे मारावेत, पण डोक्यावर जोराचे ठोसे खाणारा सराव टाळावा. मुलांच्या बाबतीत तर हा आग्रह धरायलाच हवा.

६. कायदा किती मुभा देतो?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ यांत खासगी संरक्षणाचा हक्क दिलेला आहे; स्वतःच्या आणि दुसऱ्याच्याही शरीराचे रक्षण करताना केलेली कृती गुन्हा ठरत नाही. मात्र बचावासाठी आवश्यक असेल त्याहून अधिक इजा करता येत नाही, असे कलम ३७ सांगते. एखाद्याने थप्पड मारली आणि तो पळू लागला, तर त्याला गाठून त्याचा हात मोडणे हे संरक्षण नव्हे. उलट मृत्यूची वाजवी भीती, बलात्काराच्या हेतूने झालेला हल्ला, अपहरण किंवा आम्लहल्ला अशा प्रसंगी हा हक्क हल्लेखोराच्या प्राणापर्यंतही पोहोचू शकतो, हे कलम ३८ मध्ये आहे. आपल्याला प्रतिकाराचा अधिकार आहे हे ठाऊक असलेली मुलगी कमी कचरते, म्हणून प्रशिक्षणात कायद्यासाठी अर्धा तास असायला हवा.

७. वर्ग पाहायला जाताना

प्रवेश घेण्यापूर्वी एक पूर्ण तास कडेला बसून पाहावा. पाहू न देणारा वर्ग सोडून द्यावा. त्या तासात नवशिक्यांना आधी पडायला शिकवतात का, जोडीदार खरोखर विरोध करतात का, जड विद्यार्थी हलक्याशी जपून वागतो का, आणि थाप पडताच पकड सुटते का, एवढे दिसले तरी पुष्कळ कळते. दोन-तीन वर्षांपासून टिकून असलेल्या मुली आणि स्त्रिया तिथे आहेत का, हा प्रश्न मुलीसाठी वर्ग शोधणाऱ्या पालकांनी अवश्य विचारावा, आणि असतील तर प्रशिक्षकापेक्षा त्यांच्याशीच बोलावे. बेल्टच्या रंगांना फार महत्त्व देऊ नये; श्रेणीची कल्पना कानो यांनीच शिष्यांची प्रगती दिसावी म्हणून रुजवली, पण दर तीन महिन्यांनी परीक्षा-शुल्क घेऊन सर्वांना उत्तीर्ण करणाऱ्या ठिकाणी बेल्ट ही केवळ पावती उरते.

दोन दिवसांच्या शिबिरात जागरूकता येऊ शकते, कौशल्य येत नाही. समग्र शिक्षा अभियानातून सहावी ते बारावीच्या मुलींना शाळेत दिले जाणारे तीन महिन्यांचे प्रशिक्षण ही सुरुवात म्हणून मोलाची आहे, आणि त्यानंतर जवळच्या वर्गात किंवा तालमीत सराव चालू राहिला तरच ती टिकते. आठ-दहा वर्षांच्या मुलासाठी ज्यूदो किंवा कुस्ती, नोकरी करणाऱ्या तरुणीसाठी पकडीची एखादी कला आणि तिच्या जोडीला पॅडवरचे थोडे प्रहार, गुडघेदुखी असलेल्या पन्नाशीच्या गृहस्थांसाठी झुंज वगळून बॉक्सिंगचा पॅडसराव, अशी निवड साधारणपणे योग्य ठरते. पण त्या परिसरात यांपैकी जे काळजीने शिकवले जात असेल तेच घ्यावे. शुल्क एकदम वर्षाचे न भरता तीन महिन्यांचे भरावे, आणि त्या काळात शिकणाऱ्याला जायची ओढ वाटते की नाही हे पाहून पुढचे ठरवावे.